धवळीची किल्ली

फिलूबाईंनी पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला, पर्समधून चहाचा चमचा काढला, त्याचं मागचं टोक गाडीच्या किल्लीच्या भोकात घातलं आणि पिळलं. गाडी एकदा खोकली, एकदा शिंकली आणि सुरू झाली.

"पोलिओचे डोस घेऊन येते हो डॉक्टर!" खिडकीतून त्यांनी हाक दिली. "चारच्या आत परत."

"ब्रेक जरा आधी दाबा," डॉक्टर दवाखान्यातूनच ओरडले.

पायरीवर चहाचा कप घेऊन उभी असलेली त्यांची मुलगी विनयाताई धुरळ्याकडे बघतच राहिली. ती पुण्याला कॉलेजात शिकवायची. मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवसांपूर्वीच आली होती. मी तिच्यामागे, औषधांच्या कपाटाचं कुलूप मांडीवर घेऊन बसलो होतो.

"बाबा, नर्सबाईंनी चमच्याने गाडी सुरू केली."

"हं. त्यांना चमचा बरा पडतो." डॉक्टर प्रभुदेसाई पेशंटची जीभ बघत होते, त्यांनी मान वर केली नाही. "हेडमास्तर कंपासपेटीतला कर्कटक आणतात. डेअरीवाले करवतीचं पातं. पाटलांच्या नेलकटरला एक कानस असते ना, ती अगदी नीट बसते."

"आणि तुमची किल्ली?"

"ती कुठे पडली कोण जाणे. मी बुधवारपासून पेन्सिलचं टोपण वापरतोय."

मी हसलो. विनयाताईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कुलपात एकदम फार काम दिसायला लागलं.

आमचं आंबेखोल चंदगड तालुक्यात. बेळगाव एका अंगाला, गडहिंग्लज दुसऱ्या अंगाला, आणि एसटी दिवसातून तीनदा. गावात मोटार एकच, डॉक्टरांची. पांढरी होती म्हणून सगळे तिला धवळी म्हणायचे, घरातल्या गाईला म्हणावं तसं. आणि गाईला जसं कुणीही आंबोण घालतं तसं जो तो तिला पेट्रोल घालायचा, पुसायचा आणि न्यायचा. डॉक्टरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

पण विनयाताईला हे खटकलं, तेही उगाच नव्हतं. आदल्याच आठवड्यात कुणीतरी वरातीचा बँजो आणायला धवळी नेली होती आणि त्याच दुपारी अडुसष्ट वर्षांचे डॉक्टर उन्हातून चार मैल चालत एका तापाच्या पेशंटकडे गेले होते. परत आले ते छातीवर हात धरून. ती आली होती ती त्यासाठीच.

"तुम्ही कुलूपवाले ना?" तिनं मला विचारलं. "गाडीचं कुलूप येतं?"

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सटुप्पा लोहार. बेळगावला बंदेनवाज उस्तादांच्या हाताखाली पाच वर्षं काढून वर्षभरापूर्वीच गावाला आलो होतो. गावात विचारणाऱ्यांना मी सांगायचो, आई एकटी पडली म्हणून आलो. आल्यापासून सायकलींची कुलपं, ट्रंकांच्या कड्या, तिजोरी-कपाटांची किरकोळ कामं आणि एका सासूबाईंचा डबा, एवढंच काम हाताला लागलं होतं. गाडीचं कुलूप म्हटल्यावर माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

"येतं की," मी म्हटलं. "नंबर बदलूनच देतो. मग चमचा काय, जुनी किल्ली सापडली तरी फिरायची नाही."

"करा," ती म्हणाली.

डॉक्टर जीभच बघत होते. कुणाची कोण जाणे, तो पेशंट केव्हाच गेला होता.

*

गाडीचं कुलूप म्हणजे अंगठ्याएवढं पितळी नळकांडं. त्याच्या पोटात सहा पातळ पत्त्या असतात, प्रत्येकीच्या पाठीशी एक स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की तिच्या खाचांप्रमाणे सहाही पत्त्या नेमक्या एका रेषेत येतात आणि नळकांडं फिरतं. एक जरी पत्ती केसभर बाहेर राहिली तरी फिरत नाही. धवळीच्या पत्त्या वीस वर्षांत घासून चपट्या झाल्या होत्या, स्प्रिंगा मेल्या होत्या आणि वरून गावानं प्रेमानं खोबरेल सोडलेलं. आतल्या धुळीचा आणि तेलाचा नुसता लाडू झाला होता. त्या लाडवात पत्त्या आत रुतून बसल्या होत्या. म्हणून काहीही घातलं तरी ते फिरायचं.

नळकांडं बाहेर काढायला ते आधी किल्लीनं अर्धं फिरवावं लागतं आणि मग बाजूच्या भोकात तार खुपसावी लागते. मी फिलूबाईंचा चमचाच मागून घेतला.

"कशाला रे?" त्यांनी विचारलं.

"कुलूप दुरुस्त करतोय."

"मग माझा चमचा?"

"चहा ढवळायला होईल."

त्यांनी चमचा दिला, पण त्यांचा चेहरा पडला. सरकारी उपकेंद्राची नर्स ती, फिलोमिना बारदेस्कर. पंधरा वाड्यांवरची बाळंतपणं तिच्या गळ्यात. गाडी चालवायला तिला डॉक्टरांनीच शिकवलं होतं.

बेळगावहून पत्त्या, स्प्रिंगा आणि तीन कोऱ्या किल्ल्या आणल्या. दुकानातून आणल्या, पण उस्तादांच्या नाही, दुसऱ्या गल्लीतल्या. नळकांडं रॉकेलमध्ये रात्रभर बुडवलं, दात घासायच्या ब्रशानं घासलं, ऊन दाखवलं. पत्त्या चार उंचीच्या येतात, एक ते चार. कुठली कुठं बसवायची ते आपण ठरवायचं, तोच त्या कुलपाचा नंबर. मी कागदावर सहा आकडे लिहिले आणि त्या क्रमानं पत्त्या लावल्या. एक स्प्रिंग उडून शेवग्याच्या झाडात गेली, पुन्हा लावल्या. दुसरी उडाली, पुन्हा लावल्या. मग कोऱ्या किल्लीला त्याच आकड्यांच्या खोलीच्या खाचा कानशीनं पाडल्या. दोन किल्ल्या केल्या. तेलाचा थेंब घातला नाही, शिसपेन्सिलीची पूड फुंकली. स्टेअरिंगला असलेलं कुलूपही मरून पडलं होतं, तेही जिवंत केलं. आता किल्लीशिवाय चाकसुद्धा वळलं नसतं.

विनयाताईनं किल्ली घातली. टक् असा आवाज आला आणि धवळी एका झटक्यात सुरू झाली. न खोकता, न शिंकता.

"वा!" ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

मी आकड्यांचा कागद तिच्यासमोर फाडला, चुलीत टाकला. "हा आमच्या उस्तादांचा नियम. गिऱ्हाइकाचा नंबर आपल्याकडे ठेवायचा नाही."

"फार चांगला नियम आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर कर्कटक घेऊन आले, पाच मिनिटं गाडीत बसले आणि उतरून सायकलवर गेले. पाटील नेलकटर खिशात घालून घरी गेले.  रस्त्यात मला एरवी "काय सटुप्पा" म्हणणारे लोक त्या दिवशी म्हणाले नाहीत. डेअरीवाल्यानं तर माझी आई डेअरीत घालते त्या दुधात पाणी जास्त आहे असं चारचौघांत सांगितलं. गावातलं पहिलं मोठं काम मी इतकं चोख केलं होतं, आणि गाव माझ्यावर रुसलं होतं.

*

गुरुवारी सकाळच्या एसटीनं विनयाताई डॉक्टरांना कोल्हापूरला छाती तपासायला घेऊन गेली. घाटातून इतक्या लांब गाडी चालवू नका म्हणाली. दोन्ही किल्ल्या तिच्या पर्समध्ये.

दुपारी बाराच्या सुमारास आई मला हलवून उठवायला लागली. "ऊठ. फिलूबाई बोलावत्यात. दम लागलाय त्यांना."

डॉक्टरांच्या अंगणात बैलगाडी उभी होती. गाडीत गवतावर धनगरवाड्याची मालन होती, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू पारूमावशी. मालनचा नवरा गोव्याला कामाला. पहिलंच बाळंतपण. मालन ओरडत नव्हती. तिनं पदराचा बोळा दातात धरला होता आणि डोळे माझ्यावर लावले होते, जणू मीच डॉक्टर.

फिलूबाईंनी मला बाजूला घेतलं. "मूल आडवं आहे. मी दोन तास खटपट केली. हे माझ्या हातचं काम नाही, ऑपरेशन लागणार. गडहिंग्लजला डॉक्टरांच्या ओळखीचे सर्जन आहेत, ते करतील. पण तासाभरात पोचायला हवं."

"फाट्यावरच्या भाड्याच्या जीपा?"

"दोन्ही काजू घेऊन बेळगावला गेल्यात. एसटी पाचला."

मी धवळीकडे बघितलं. ती दाराशी, आंब्याच्या सावलीत उभी होती. धुऊन पुसून लख्ख.

"चमचा घालून बघितला," फिलूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "वायरी जोडून होईल काय?"

"इंजिन होईल कदाचित. चाक वळायचं नाही. स्टेअरिंगचं कुलूप मी नीट केलंय."

"फोड मग."

"फोडलं तर ते आहे तसंच अडकून बसतं."

"तिसरी किल्ली आहे तुझ्याकडं?"

"नाही."

"करता येईल?"

"बाई, नंबर पाहिजे. कागद मी त्यांच्यासमोर फाडला."

हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं.

बेळगावहून मी आईसाठी आलो नव्हतो. मला उस्तादांनी काढून टाकलं होतं. माझ्या डोक्याचा एक दोष होता. एकदा लावलेल्या कुलपाचा नंबर मी विसरू शकायचो नाही. पाच वर्षांत हातून गेलेली चारेकशे कुलपं, सगळी डोक्यात. विसरायचा प्रयत्न केला की उलट जास्त पक्की बसायची. हे उस्तादांना मी सांगितलं नव्हतं. मग एक दिवस एक कापडाचा व्यापारी दुकानात आला. त्याच्या कोठीची किल्ली हरवली होती. उस्ताद मापं घ्यायला निघाले, आणि मी, गडी हुशार, चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं नंबर म्हणून दाखवला. व्यापाऱ्याचं तोंड पांढरं पडलं. उस्तादांनी तिथल्या तिथं माझ्या हातातली कानस काढून घेतली. "ज्याच्या डोक्याला झाकण नाही त्यानं कुलपाला हात लावायचा नाही. घरी जा." एवढंच म्हणाले. पाच वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशीही ओरडले नाहीत.

आता मी जर म्हटलं की येईल, तर संध्याकाळपर्यंत गावाला कळणार होतं. सटुप्पाला सगळ्यांच्या किल्ल्या तोंडपाठ आहेत. पाटलांच्या तिजोरीची, पतपेढीच्या कपाटाची, त्या सासूबाईंच्या डब्याची. मग मला गावात कुणी दाराची कडीसुद्धा लावू दिली नसती.

मालननं तोंडातला पदर काढला. "भावजी," ती म्हणाली, "होत असलं तर करा की."

"येईल," मी म्हटलं.

फिलूबाईंनी का, कसं, काही विचारलं नाही. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"पंधरा कर."

उरलेली एक कोरी किल्ली घरी डब्यात होती. धावत गेलो, ती आणि कानस घेऊन धावत आलो. किल्ली पकडीत धरली, पकड गुडघ्यात दाबली आणि धवळीच्या बॉनेटला टेकून सुरू झालो. दुकानात हे काम मापाचा पाना लावून करतात. माझ्याकडे होती ती बोटं. पहिली खाच, दुसरी, तिसरी. पितळेचा भुसा घामावर चिकटत होता. पारूमावशी कुठल्या कुठल्या देवांची नावं घेत होती. तिचं म्हणणं आणि माझी कानस एका लयीत चालली होती, ती थांबली की मीही थांबायचो, म्हणून मी तिला म्हटलं, "मावशी, थांबू नका."

बारा मिनिटांनी किल्ली आत घातली. फिरेना.

 आकडे पुन्हा मनात म्हटले. पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि शेवटापासून पहिल्यापर्यंत. तेच होते. मग चुकलं कुठं?

"काय झालं?" फिलूबाई.

"एक पत्ती अडतेय."

"कुठली?"

"तेच बघतोय."

किल्ली बाहेर काढून उन्हात धरली. पितळ नवं असलं की घट्ट पत्तीचा बारीक ओरखडा त्यावर उमटतो. चौथ्या खाचेच्या काठावर एक चमक होती, केसाएवढी. आकडा बरोबर होता, माझा हात घाबरून अलगद पडला होता. दोनदा कानस मारली. फुंकर घातली. आत घातली.

टक्.

धवळी सुरू झाली. पारूमावशीनं देवांना सोडून माझे पाय धरले. मी मागे सरकलो तो बैलाला धडकलो.

गाडीवानासकट चौघांनी मालनला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी चालवायच्या जागेवरून उतरलो आणि फिलूबाईंना म्हटलं, "बसा."

"तू चल पुढं बसून. वाटेत बंद पडली तर पुन्हा फिरवायला कोण येणार?"

"बंद पडायची नाही बाई."

"माहीत आहे. तरी चल. मला धीर येतो."

त्या तासात फिलूबाईंनी धवळी जशी चालवली तशी ती कुणी चालवली नसेल. वळणावर हॉर्न, खड्ड्याआधी ब्रेक, आणि दर मैलाला मागे न बघता, "मालन, बोल काहीतरी." मालन म्हणायची, "बोलतोय." आमच्याकडच्या बायका तसंच बोलतात, बोलतो, जातो, येतो. तिचं ते "बोलतोय" ऐकू येईपर्यंत मी श्वास धरून बसायचो. हलकर्णीच्या पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. फिलूबाईंनी डोकं बाहेर काढून मेंढपाळाला असं काही सुनावलं की मेंढरंसुद्धा समजली.

एक वाजून दहा मिनिटांनी मालनला आत नेलं. दोन वाजून पाच मिनिटांनी फिलूबाई बाहेर आल्या. त्यांची पांढरी साडी भिजून अंगाला चिकटली होती आणि केसांचा अंबाडा सुटला होता.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "तीन किलोची. आणि आवाज तर असा, की तू इथून ऐकलाच असशील."

मी ऐकला होता. कुणाचं बाळ रडतंय म्हणून हसतही होतो, आपलंच आहे हे माहीत नसताना.

*

संध्याकाळी सहाला एसटी आली. डॉक्टर उतरले, मागून विनयाताई. मी फाट्यावरच उभा होतो. बोलायचं ते मी दिवसभर पाठ केलं होतं, पण त्यातलं काहीच आठवेना. विसरायला नको तेव्हा माझं डोकं असं दगा देतं. मी तिसरी किल्ली विनयाताईच्या हातावर ठेवली.

"ही काय?"

"धवळीची. आज केली. मालनला गडहिंग्लजला न्यायचं होतं, मूल आडवं होतं."

डॉक्टरांनी माझा दंड धरला. "बाई कशी आहे?"

"बरी आहे. मुलगी झाली. तीन किलो."

"रडली लगेच?"

"खूप."

डॉक्टर तिथंच मैलाच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. छाती तपासून आलेला माणूस इतका हसताना बघून मला भीती वाटली. पण विनयाताई हसत नव्हती. किल्ली उलटसुलट करत ती म्हणाली, "तुम्ही कागद फाडला होता. माझ्यासमोर."

"हो."

"मग?"

मी सगळं सांगितलं. व्यापारी, उस्ताद, कानस काढून घेतली ते. "नंबर डोक्यातून जात नाहीत ताई. मी मुद्दाम ठेवत नाही. तुमच्या औषधांच्या कपाटाचाही आहे."

"सगळे आठवतात?"

"सगळे."

"आणि वर्षभरात कुणाला एक तरी सांगितलात?"

"नाही."

"आजही फिलूबाईंना नाही सांगितलात?"

"त्यांना किल्ली पाहिजे होती. नंबर कशाला सांगू?"

 तिनं किल्ली परत माझ्या हातात दिली. "ही फिलूबाईंना द्या. त्यांचीच आहे." दोन पावलं गेली आणि वळली. "बाबा, हेडमास्तरांना एक लागेल ना?"

"हेडमास्तरांना, पाटलांना आणि डेअरीत एक," डॉक्टर दगडावरूनच म्हणाले. "आणि बँजो आणणाऱ्याला देऊ नकोस."

त्या आठवड्यात मी तीन किल्ल्या केल्या. विनयाताईनं आंब्याला एक वही टांगली, गाडी कोण, कुठं, किती वेळ नेतो ते लिहायला. सकाळी आठ ते दहा गाडी फक्त डॉक्टरांची, हे तिनं पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं. गाव पुन्हा माझ्याशी बोलायला लागलं. आईचं दूधही डेअरीत एकदम घट्ट झालं. तिजोरीवाले, कपाटवाले काय म्हणतील ही जी भीती होती तिचं काही झालं नाही. उलट पाटील येऊन म्हणाले, "सटुप्पा, माझी किल्ली हरवली तर बरं आहे, तू आहेस." एवढं सोपं असतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर वर्षभर झोप तरी लागली असती.

सव्वा महिन्यानं मालनच्या मुलीचं बारसं झालं. मालनचा नवरा गोव्याहून आला होता. कागदोपत्री नाव सुजाता ठेवलं, पण पारूमावशीनं पाळण्याला हात लावून सांगितलं, घरात हिला फिलूच म्हणायचं. फिलूबाई पाळण्यापाशी बसून पदरानं डोळे पुसत होत्या आणि कुणी बघितलं की धूर झाला म्हणत होत्या. चूल पार मागच्या अंगणात होती.

इतक्यात धवळी येऊन थांबली. विनयाताई बारशासाठी म्हणून मुद्दाम पुण्याहून आली होती, गाडी तीच चालवत होती. तिच्या शेजारून पांढरी टोपी, पांढरी दाढी आणि काळी छत्री घेतलेला माणूस उतरला. माझ्या हातातली बुंदीची परात सुटायचीच राहिली.

बंदेनवाज उस्ताद होते.

विनयाताईनं त्यांना पत्र लिहिलं होतं. मला एका अक्षरानं बोलली नव्हती.

उस्ताद मांडवात येऊन बसले. पाणी प्याले. बाळाच्या हातात एक चांदीची छोटी वाटी ठेवली. मग खिशातून भिंग काढलं. "कुठं आहे ती किल्ली?"

फिलूबाईंनी गळ्यातल्या दोरीतून काढून दिली. उस्तादांनी ती भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत होते. मांडवातली माणसं त्यांच्याभोवती जमली. पाटील, हेडमास्तर, डेअरीवाले, सगळे.

"मापाशिवाय केलीस?"

"होय."

"कुठं बसून?"

"बॉनेटवर."

"चौथी खाच दोनदा कापलीस."

"हात घाबरला होता, उस्ताद."

"हं." त्यांनी भिंग मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज जरा चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मग सांग की रे सटू. काय नंबर होता? तुझ्या डोक्यात असतंय ना सगळं? ऐकू देत गावाला."

"सांग, सांग!" हेडमास्तर म्हणाले. "आम्हालाही बघू दे तुझी करामत."

सगळा मांडव माझ्या तोंडाकडे बघायला लागला. सहा आकडे जिभेच्या टोकावर उभे होते. आजही आहेत.

"कुठला नंबर, उस्ताद?" मी म्हटलं.

"या किल्लीचा."

"विसरलो."

"अरे, काय हे!" हेडमास्तर हिरमुसले. डेअरीवाले म्हणाले, "महिन्याभरात विसरला?" पण उस्ताद हसायला लागले. आधी दाढीत, मग खांद्यांत, मग सगळ्या अंगानं. हसता हसता त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातली एक मोठी, झिजून पातळ झालेली किल्ली वेगळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती मला बघितल्याबरोबर ओळखू आली. त्यांच्या दुकानाची होती. त्या दुकानात बेळगावातल्या अर्ध्या बाजारपेठेच्या दुरुस्तीला आलेल्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या.

"अडायला लागलीय," ते म्हणाले. "नवी करून दे. आत्ताच्या आत्ता. मला पाचच्या गाडीनं जायचंय."

"माझ्याकडे कोरी किल्ली नाही, उस्ताद."

त्यांनी छत्रीच्या कापडात गुंडाळलेली एक पुडी काढली. कोरी किल्ली, आणि तिच्याबरोबर कानस. वर्षापूर्वी माझ्या हातातून घेतलेली, मुठीला माझ्या दातांच्या खुणा असलेली.

पंगत बसली. फिलूबाईंनी उस्तादांच्या पानात बुंदी वाढली आणि ते नको म्हणेपर्यंत वाढतच राहिल्या. मी मांडवाच्या खांबाला पाठ टेकून कानस चालवायला घेतली. पारूमावशी ओरडली, "अरे पोरा, पोरगी आत्ता कुठं झोपलीय, खरखर कसली करतोस?" मी थांबलो. पण फिलू उठली नाही. म्हणून मी पुन्हा सुरू केलं.